दोन सेन्सरची साक्ष

१

पिल्लं थंडीने मेली होती. शेड मात्र गार झालीच नव्हती, असं तिथली ऊब सांभाळणारं यंत्र, कंट्रोलर, सांगत होतं. दोन्हींपैकी एक खोटं असणार होतं, आणि त्या घरात खोटं कोण बोलतंय हे मी पोचायच्या आधीच ठरून गेलं होतं.

शेडच्या दाराबाहेर पोत्यांची ओळ होती, तोंडं सुतळीने बांधलेली. मी जंतुनाशकाच्या ट्रेमध्ये बूट बुडवले. बोलताना तोंडातून वाफ निघत होती आणि चष्मा सारखा पुसावा लागत होता.

"डॉक्टर, रोग असेल तर सांगा," दादा म्हणाले. दादा म्हणजे पोल्ट्रीचे मालक. उंच, वाळकेसे, एक वाक्य संपलं की दुसऱ्याची घाई नसलेले. "आणि नसेल तर तेही सांगा. म्हणजे मी माणूस बदलायला मोकळा."

बदलायचा तो माणूस तिथेच उभा होता. त्यांना सगळे मामा म्हणत. शेडवर राहणारे राखणदार. कानटोपी हातात घेतली होती, त्यामुळे कपाळावरचं निळसर टेंगूळ उघडं पडलं होतं.

"परवा रात्री झोपला हा," दादा म्हणाले. "पहाटे पिल्लं मेली. काल सकाळी लसीसाठी पाणी वर घेतलं, तेव्हाही यानं खाली बघितलं नाही. लस कालवून आम्ही परत आलो तर भिंतीशी ढीग."

लस पाण्यातून देतात. त्याआधी पिल्लांना चांगली तहान लागावी लागते, म्हणून पाण्याची लाइन, म्हणजे छताला तारांनी टांगलेला लांब पाइप, हँडल फिरवून त्यांच्या आवाक्याबाहेर उचलतात. याला पाणी वर घेणं म्हणतात.

"पाणी वर घेतलं तेव्हा पिल्लं पसरून बसली होती, दादा," मामा म्हणाले. "मी बघितलं."

"बघितलंस. स्वप्नात."

मी पत्र्याखालच्या टेबलावर पोत्यातली पिल्लं उघडून बघितली. फुप्फुसं, आतडी, यकृत, सगळं स्वच्छ. पिसं ओली आणि चपटी, छात्या दाबलेल्या. गारठलेली पिल्लं ऊब शोधत एकमेकांच्या अंगावर चढतात आणि खालची गुदमरतात, तसंच झालेलं. मानेशी खाद्याची पिशवी असते, ती प्रत्येकाची भरलेली होती. आतलं खाद्य कोरडं, चिमटीत धरलं तर भुगा होऊन गळणारं.

"रोग नाही," मी दादांना सांगितलं. "गारठून एकमेकांवर चढली."

"म्हणजे हा झोपला."

"तसं मी म्हटलं नाही अजून."

"मी म्हणतोय ना. मामा, दुपारपर्यंत खोली रिकामी कर. टेम्पो सांगून ठेवलाय."

मामांनी टोपी घातली आणि फाटकाशेजारच्या त्यांच्या खोलीकडे निघाले. झोपला म्हणून काढलेल्या राखणदाराला दुसरं कोणी शेडवर उभं करत नाही. अशी बातमी टेम्पोच्या आधी पोचते.

"दादा, एक मिनिट," मागून आवाज आला. दादांच्या थोरल्या सूनबाई होत्या, हातात किल्ल्या. "मामा झोपले असतील किंवा नसतील. पण शेड गार झालीच नव्हती. चला डॉक्टर, दाखवते."

२

कंट्रोलरची खोली म्हणजे शेडच्या पुढच्या भिंतीला लागून काढलेली अडगळ. तिथे इतकी टापटीप होती की मी बूट पुन्हा पुसले. तारा हिरव्या प्लास्टिकच्या पट्ट्यांनी एकत्र बांधल्या होत्या, पट्ट्यांची टोकं सारखी कापलेली. भिंतीवर राखाडी पेटी, तिच्यावर छोटी स्क्रीन.

"हा माझा हट्ट," सूनबाई म्हणाल्या. त्यांचा नवरा बाहेरगावी नोकरीला. इथला कारभार त्या आणि धाकटा दीर मिळून बघत. "पूर्वी मामा हाताच्या पाठीवर हवा बघून पंखे लावायचे. दादांना वाटायचं, चाललंय ते बरं चाललंय. मी भांडून हा बसवला. फसला तर माझं या घरात पुढे कोणी ऐकणार नाही, हे मला न सांगता कळतं."

त्यांनी मला सगळं नीट समजावलं. पिल्लांच्या वयाप्रमाणे किती ऊब हवी ते पेटीत भरून ठेवलेलं. पिल्लं मोठी होतील तसा आकडा आपोआप उतरतो. या आठवड्यात अठ्ठावीस. हवा त्याहून गार झाली तर हीटर पेटतात, गरम झाली तर हीटर विझतात आणि पंखे लागतात. फारच गार झाली तर आवारात सायरन वाजतो. दोन्ही शेडना अशीच एकेक पेटी, सायरन मात्र दोघींत एक.

"सेन्सर किती?"

"दोन. एकावर कधी विसंबू नये."

स्क्रीनवर काल-परवाची रेघ त्यांनी पुढे आणली. रात्रभर सरळ. सकाळी मात्र एक उंचवटा: पारा एकदम चढलेला, मग हळूहळू उतरलेला. दोन्ही सेन्सरच्या रेघा एकमेकींवर बसत होत्या.

"इथे शेड तापली," त्या बोट ठेवून म्हणाल्या. "त्यानं हीटर बंद केले, पंखे लावले, तीस-पस्तीस मिनिटांत खाली आणलं. चोख काम केलंय."

"काल ऊन होतं?"

"नाही. आजच्यासारखंच."

"मग शेड कशानं तापली?"

त्यांचं बोट स्क्रीनवर तसंच राहिलं. "ते मला कळलेलं नाही," त्या म्हणाल्या. कळलेलं नाही हे त्यांना कालपासून बोचत असावं, कारण पुढचं त्या जरा घाईने बोलल्या. "पण यंत्र कशाला खोटं बोलेल? त्याला नोकरी जायची भीती नाही."

मी पेटीच्या खाली वाकले. तारांच्या त्या देखण्या जुडग्यातून दोन तारा बाहेर लोंबत होत्या. उघडी टोकं, वर चिकटपट्टीचा एक उतावळा तुकडा.

"या कशाच्या?"

सूनबाईंनी बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "सायरनच्या," त्या म्हणाल्या.

३

धाकटे, म्हणजे सूनबाईंचे दीर, खाद्याच्या खोलीत बर्फ फोडत होते. लसीचं पाणी गार राहावं म्हणून. दुसऱ्या शेडची लस आज होती.

"वायर? मीच काढली," त्यांनी लगेच कबूल केलं. "वहिनी, तुमचा तो भोंगा वीज गेली तरी बोंबलतो, आली तरी बोंबलतो. बाळ झोपेतून दचकून उठतं. बायको म्हणाली, एक तर भोंगा राहील नाहीतर मी माहेरी जाते."

"भावजी, मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर तुम्ही मला त्या पेटीचं शास्त्र शिकवलं असतं."

"तुम्हाला ती पेटी कधीच नको होती."

"नव्हतीच. म्हणून मी पिल्लं मारीन?" बर्फ फोडायची दांडी त्यांनी खाली ठेवली.  "डॉक्टर, खरं सांगा. वायर जोडलेली असती तर वाजला असता ना? वाचली असती ना पिल्लं?"

हा प्रश्न त्यांनी काल रात्री स्वतःला बरेचदा विचारला असावा. मी उत्तर देण्याआधी पुन्हा एकदा पडताळून घेतलं, कारण घाईत दिलेला दिलासा मला आवडत नाही.

"नाही," मी म्हटलं. "सायरन गारठ्याला वाजतो. पेटीला गारठा दिसलाच नाही. तिला गरम दिसलं. तुमची वायर असती तरी भोंगा गप्पच राहिला असता."

ते पोत्यावर बसले. मग उठले.

"तरी ती आत्ताच्या आत्ता जोडा," मी म्हटलं.

"जोडतो. तेवढं करून दुसऱ्या शेडला जातो. लसीची वेळ झाली. मामा नाहीत तर सगळं माझ्याच गळ्यात."

ते गेले. मी मामांच्या खोलीकडे निघाले. जाताना मला खाद्याच्या पिशव्यांमधला तो कोरडा भुगा आठवला, आणि मी चालण्याचा वेग वाढवला. पिल्लं कधी मेली हे मला कळलं होतं.

४

खोलीत अंथरुणाच्या वळकट्या बांधून झाल्या होत्या. मामी भांडी पोत्यात भरत होत्या, न आपटता, एकेक कपड्यात गुंडाळून.

"मामा, पिल्लं पाणी कधी पितात?"

"खातील तेव्हा पितात. घास खाल्ला की पाण्याला टोचा, घास खाल्ला की टोचा."

"मेलेल्या पिल्लांच्या पिशव्या भरलेल्या होत्या आणि आतलं खाद्य कोरडं होतं. खाल्लं, पण पाणी मिळालं नाही. पहाटे मेली असती तर खाद्य ओलं असतं."

मामा वळकटीवर बसले.

"म्हणजे पाणी वर घेतल्यावर मेली," मी म्हटलं. "तुम्ही सांगितलंत तेच. पहाटे ती पसरून बसलेली होती."

मामी भांडी भरायच्या थांबल्या. "दादांना सांगा हे," त्या म्हणाल्या.

"सांगितलं तर ते विचारतील, मग कशानं मेली. ते मला अजून माहीत नाही. मामा, पाणी वर घेतल्यावर काय केलंत?"

"लस कालवायला गेलो. दादाही होते तिथे. पंखे लागल्याचा आवाज आला. मला जरा नवल वाटलं, एवढ्या थंडीत पंखे? पण म्हटलं, मशीनला काहीतरी कळलं असेल. हल्ली आपण विचारायचं नसतं."

"कपाळाला काय लागलं?"

"पाइप," मामींनी उत्तर दिलं. "दर बॅचला एकदा आपटतात. पाणी अर्ध्यावर घेतात आणि मग स्वतःच जाऊन धडकतात."

"मागच्या आठवड्यात लाइन धुताना लागलं," मामा ओशाळून म्हणाले. "म्हणून काल पार वर घेतली. छताला टेकेपर्यंत. धाकट्यांनाही सांगितलंय, तुम्ही माझ्याहून उंच, तुम्हीही पार वर घ्या."

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. मामींनी दचकून उरलेली भांडी तशीच पोत्यात टाकली.

"थोडं थांबवा त्याला," मी म्हटलं.

"थांबवून काय होणार आहे, डॉक्टर?" मामा म्हणाले.

मला माहीत नव्हतं. गरम नसलेली शेड दोन सेन्सरना एकाच वेळी गरम कशी वाटली, एवढंच उरलं होतं. आणि तेच सगळं होतं.

५

सूनबाईंना घेऊन मी पहिल्या शेडमध्ये शिरले. उरलेली पिल्लं भुश्यावर पसरून बसली होती, हीटरच्या उबेत, निवांत. कालचं त्यांना काही आठवत नव्हतं.

पहिला सेन्सर, बोटाएवढी पांढरी नळी, बरोबर पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर होता. मी माझा थर्मामीटर त्याच्याशेजारी धरला. दोन्ही एकच सांगत होते. दुसऱ्याजवळ गेले, तिथेही तेच.

"बघा," सूनबाई म्हणाल्या. "बिघडलेले नाहीत."

"नाहीत. आणि जागाही अगदी बरोबर आहे."

"जागेबद्दल मी फार काटेकोर आहे. बसवणाऱ्यानं बजावलं होतं, सेन्सर नेहमी पिल्लाच्या उंचीवर. पिल्लू जिथे श्वास घेतं तिथली हवा मोजायची, छताची नाही. छताशी सगळी ऊब जाऊन साठते, थंडीत तर फारच."

मी खाली बसले. सेन्सर कशाला लटकलाय ते बघितलं. त्याची तार वरून येत होती, पण सेन्सर तिच्यावर लोंबत नव्हता. तो पाण्याच्या पाइपला बांधलेला होता. हिरव्या प्लास्टिकच्या पट्टीने. पट्टीचं टोक अगदी सफाईने कापलेलं.

दोन साक्षीदार सारखंच सांगतात म्हणून आपण विश्वास ठेवतो. दोघं एकाच जागी उभे होते का, हे विचारायचं राहून जातं.

"हे इथे कोणी बांधलं?" मी विचारलं.

"मी." त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता. "मागच्या बॅचला. पिल्लं वाढली की सेन्सर वर करायला सगळे विसरायचे. पाण्याची लाइन मात्र कोणी विसरत नाही, ती रोज पिल्लांच्या मानेनं वर जाते. म्हटलं, सेन्सर लाइनलाच बांधला तर आपोआप तिच्याबरोबर..."

त्या थांबल्या. त्यांची नजर पाइपावरून तारेवर गेली, तारेवरून छताकडे.

"मागची बॅच उन्हाळ्यात होती," मी म्हटलं.

"हो," त्या पुटपुटल्या. "लस दिली तेव्हा पंखे जास्त चालले. बरंच होतं ते. कोणाच्या लक्षातही आलं नाही."

"काल मामांनी लाइन पार छताला नेली. दोन्ही सेन्सर बरोबर गेले. तिथल्या साठलेल्या उबेत त्यांना वाटलं, शेड तापली. पेटीनं हीटर बंद केले आणि बाहेरची हवा आत ओढली. खाली पिल्लं गारठत होती आणि त्यांची हवा मोजायला खाली कोणीच नव्हतं. वरची हवाही निवली तेव्हा हीटर पुन्हा पेटले; खाली ऊब परतल्यावरच लाइन खाली आली आणि सेन्सर आपल्या जागी परतले. आपण आलो तेव्हा सगळं बरोबर."

त्यांनी माझं मनगट धरलं. 

"डॉक्टर, दुसऱ्या शेडमध्येही मीच बांधलेत."

आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, आवाराच्या पलीकडून पंख्यांचा आवाज केव्हाचा येत होता.

६

आम्ही पळालो. जंतुनाशकाचा ट्रे सूनबाईंनी ओलांडला तो तसाच. मी काही म्हटलं नाही.

दुसऱ्या शेडचं दार उघडलं आणि अंगावर थंड हवा आली. पंखे घरघरत होते. हीटर काळे पडलेले. पाइप छताला टेकलेला, आणि त्याच्या कडेला ती पांढरी नळी, उबेत, सुखात.

मधला भुसा रिकामा होता. पिल्लं डाव्या भिंतीशी होती. लांबून ते पिवळं पांघरूण गोळा करून टाकल्यासारखं दिसत होतं. त्यातून आवाज येत होता, आणि तो आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना दुसरं काही सांगावं लागत नाही.

"हँडल!" मी म्हटलं.

सूनबाई हँडलला लटकल्याच. मी भिंतीशी गुडघ्यांवर बसले आणि ढीग वरून मोकळा करू लागले. ओंजळीने उचलायची आणि मागे सोडायची. जोरात ओढलं तर खालची चेपतात, हळू केलं तर खालची मरतात. हात नेमका किती वेगाने चालवायचा हे कुठल्या पुस्तकात नसतं. सोडलेली पिल्लं पुन्हा ढिगाकडेच पळत होती. पाइप कुरकुरत खाली येत होता. सूनबाई काहीतरी मोजत होत्या, की रडत होत्या, कळलं नाही.

पाइप खाली टेकला. त्या धावत आल्या आणि शेजारी बसून ओंजळी भरू लागल्या.

"पंखे अजून का चालू आहेत?"

"सेन्सरला इथली हवा कळायला थोडा वेळ लागतो."

"किती?"

"उचलत राहा."

तळाची पिल्लं हाताला लागू लागली. ओली, चपटी. काही पाय झाडत होती. काही नव्हती.

मग पंखे थांबले. त्या शांततेत हीटर एकेक करून पेटले. आणि आवारात, दोन्ही शेडना, घराला, फाटकाला ऐकू जाईल असा सायरन वाजायला लागला.

तो आवाज इतका कर्कश होता की धाकट्यांच्या बायकोचं काही चुकलं नव्हतं. मला मात्र तो ऐकत राहावासा वाटला. पेटीला शेवटी खरं कळलं होतं.

७

सायरन बंद झाला तोवर सगळे दारात होते. दादा, बर्फाचं पाणी ठिबकणारी बादली घेऊन धाकटे, आणि सवयीने धावत आलेले मामा. मामांनी कोणाला विचारलं नाही. ते सरळ आत आले आणि उरलेला ढीग पांगवू लागले.

मी दादांना झालेलं सांगितलं. कोरडं खाद्य, पाण्याची लाइन, छताची ऊब. सांगताना त्यांना पाइप आणि पट्टी दाखवली. कोणी बांधली ते सांगितलं नाही. ते सांगायचं माझ्याकडे नव्हतं. पण पुढच्या काही क्षणांत कोणीच बोललं नसतं, तर मला बोलावं लागलं असतं, आणि ते मला नको होतं.

दादांनी वाकून पट्टी चाचपली. "हे डोकं कोणाचं?"

मला शेजारी उभ्या सूनबाईंच्या श्वासाचा आवाज ऐकू येत होता.

"मामा, शिडीचं काम तुझंच असतं. तूच बांधलंस ना?"

मामांच्या दोन्ही हातांत पिल्लं होती. त्यांनी ती भुश्यावर ठेवली. "शिडी मी धरली होती, दादा," ते म्हणाले.

"मग वर कोण होतं?"

मामांनी आणखी दोन पिल्लं उचलली. टेम्पोवाल्याने बाहेर पुन्हा हॉर्न दिला.

"मी होते," सूनबाई म्हणाल्या. आवाज फाटला म्हणून त्यांनी पुन्हा म्हटलं. "मी बांधले, दादा. दोन्ही शेडमध्ये. कालही मी म्हटलं, यंत्र खोटं बोलत नाही. म्हणजे मामा बोलतात, असंच झालं ते. मी तेवढा विचार केला नाही."

 दादांनी सुनेकडे बघितलं, तिच्या गुडघ्यांना चिकटलेल्या भुश्याकडे, हातांकडे. मग मामांकडे वळले.

"रात्री झोपला नव्हतास."

"नाही."

"हं," दादा म्हणाले.

धाकटे दारातून म्हणाले, "टेम्पोवाला विचारतोय. परत पाठवू?"

"आलाय तर ती पोती घेऊन जाऊ दे." दादांनी जरा थांबून पुढचं म्हटलं. "आणि मामीला सांग, भांडी बाहेर काढ म्हणावं. नाही, तू राहू दे. मी सांगतो."

ते गेले. ताठ चालत, पण फाटकाकडे, मामांच्या खोलीकडे.

सूनबाईंनी माझ्याकडे कात्री मागितली. त्यांनी दोन्ही हिरव्या पट्ट्या कापल्या, शिडी आणायला सांगितली आणि सेन्सरसाठी छताच्या हुकातून वेगळी दोरी सोडली. पाइपला कुठेही न लागणारी.

"आता हे रोज हातानं वर करावं लागेल," धाकटे म्हणाले. "आपल्याकडे कोणाच्या लक्षात राहणार?"

"माझ्या," सूनबाई वरून म्हणाल्या. "मामा, किती खाली घेऊ?"

मामांनी एक पिल्लू उचलून दोरीखाली ठेवलं. ते तिथेच बसलं आणि पंख झटकू लागलं.

"याच्या पाठीइतका. अजून. अजून थोडा. बास."

शिडी हलली. सूनबाईंनी घाबरून खाली बघितलं.

"धरलीय, वहिनी," मामा म्हणाले. "या वेळी वर पण बघतोय."